रद्दीतले दोन शिक्के

१

केटल बट पार्कच्या माहिती केंद्रातला शिक्का गायब झालाय हे कळलं, तेव्हा आम्ही टाळ्या वाजवायच्या तयारीत अर्धगोल करून उभे होतो.

टेबलावर शाईचा पॅड होता, चाचणीसाठी ठेवलेल्या रद्दी कागदांचा गठ्ठा होता, चोरीला जाऊ नये म्हणून दोरीने बांधलेलं पेन होतं. शिक्का तेवढा नव्हता. गॉर्डन फिस्टरने टेबलाखाली वाकून पाहिलं आणि उठताना डोकं आपटून घेतलं. गॉर्डन आमच्या क्लबाचा अध्यक्ष.

आमचा क्लब राष्ट्रीय उद्यानं हिंडणाऱ्यांचा आणि तिथले शिक्के गोळा करणाऱ्यांचा. प्रत्येकाकडे एक निळी वही असते, तिला आम्ही पासपोर्ट म्हणतो. प्रत्येक पार्कात तारखेचा शिक्का ठेवलेला असतो, तो आपल्या हाताने वहीत मारायचा. यात कसली आलीये मजा, असं बाहेरचे लोक विचारतात, आणि समजावून सांगायचा मला कंटाळा येतो. आमच्यातल्या बहुतेकांच्या घरी वाट बघणारं कोणी नाही, एवढं सांगितलं तरी पुरे. मीसुद्धा त्यातलीच. मॅव्हिस टॉलिव्हर, सगळी नोकरी विमा कंपनीत, आगीचे दावे तपासण्यात गेली. खोटं बोलणारी माणसं इतकी पाहिली, की नवऱ्यालाही पुढे माझ्याबरोबर राहणं जमेना.

त्या दिवशी सोहळा होता एव्हरेट लिंडक्विस्टचा. वय एक्याऐंशी. अख्ख्या देशातला त्याचा एवढा एकच शिक्का राहिला होता. खरं तर केटल बट त्याच्या घरापासून सगळ्यात जवळचं. पण त्याची बायको हॅरिएट म्हणायची, घराजवळचं शेवटी ठेवू, म्हणजे संपलं की रात्री आपल्या पलंगावर झोपता येईल. चार वर्षांपूर्वी हॅरिएट गेली. तेव्हापासून हा बाबा दोन वह्या घेऊन हिंडत होता. स्वतःचा शिक्का मारायचा, मग तिचा.

आणि आज नाही तर कधीच नाही, अशी वेळ होती. दुसऱ्या दिवसापासून केंद्र हिवाळ्यासाठी बंद होणार होतं. सोमवारी मुलगा येऊन एव्हरेटला फिनिक्सच्या वृद्धाश्रमात कायमचा घेऊन जाणार होता. एव्हरेटनेच आम्हाला तसं सांगितलं होतं.

"मिस्टर लिंडक्विस्ट, मी शोधते हं, तुम्ही काळजी करू नका," रेंजर बर्नी म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"असू दे," एव्हरेट म्हणाला. त्याने दोन्ही वह्या कोटाच्या आत सरकवल्या आणि बाहेर पायवाटेवरच्या बाकाकडे चालायला लागला.

त्याचा चेहरा पडलेला नव्हता. मला वाटलं, म्हातारा मनाने खंबीर आहे. कसलं काय.

२

"कालच्या शाळेच्या सहलीतलं एखादं कार्टं असणार," बर्नी म्हणाली. "दोन बस भरून आली होती. मी काल संध्याकाळी शिक्का पाहिला का, तेही मला आठवत नाहीये."

असं असेल तर सगळं संपलंच होतं. दुसरा शिक्का मागवायचा तर महिना गेला असता. पण मला हात वर करायची सवय नाही.

"कचऱ्याचा डबा कधी रिकामा केलास?"

"काल, कुलूप लावताना. उंदीर येतात ना."

मी डबा उलटा केला. केळ्याचं साल, कॉफीचा कप आणि रद्दी कागदाचा एक बोळा. बोळा उलगडला तर आत केटल बटचे दोन शिक्के, शेजारी शेजारी, ठसठशीत. दोन्हींवर आजची तारीख.

"सकाळी शिक्क्यावरची तारीख तू फिरवलीस?"

"मी कधीच फिरवत नाही. तुम्ही लोकच फिरवता, वर मला ऐकवता की कालचीच आहे म्हणून."

बरोबर होतं तिचं. चुकीच्या तारखेचा शिक्का आमच्यापैकी कोणी वहीत मारणार नाही. आणि आधी रद्दी कागदावर उठवून पाहिल्याशिवाय तर मुळीच नाही. हे इतकं अंगात मुरलेलं असतं, की मारायचा असो वा नसो, शिक्का हातात आला की अंगठा तारखेच्या चाकावर जातोच. चोरी करायला आलेला माणूस आधी तारीख नीट करतो, मग कागदावर मारून बघतो, आणि मग चोरतो. असला चोर आमच्या क्लबाबाहेर कुठे सापडायचा?

म्हणजे शिक्का सकाळी इथेच होता. बर्नीने दार उघडलं आणि ती झेंडा चढवायला गेली. वाऱ्याने दोरी गुंतली, त्यात तिला बराच वेळ लागला. तेवढ्यात क्लबातून आलेले आम्ही चौघंही एकेकदा आत जाऊन आलो होतो. गॉर्डन क्लबाचा फलक टांगायला, ट्रूडी दालचिनीचे रोल ठेवायला, एव्हरेट बाथरूमला आणि मी कॉफीला.

एव्हरेटला मी सोडून दिलं. स्वतःच्याच लग्नातून नवरा कशाला पळेल? उरलो आम्ही तिघं.

३

गॉर्डनला मी पार्किंगमध्ये गाठलं. हा माणूस नियमांवर जगतो. हॅरिएटच्या वहीवरून त्याचं आणि एव्हरेटचं वाजलं होतं, आणि दोन वर्षं बोलणं बंद होतं. मेलेल्या सभासदाचे शिक्के क्लबाच्या हिशेबात धरायचे नाहीत, यावर गॉर्डन अडून बसला होता.

"तू शिक्का लपवलास का, गॉर्डन?"

"झालं, हिची नोकरी पुन्हा सुरू झाली. मी कशाला लपवू?"

"आज त्याने दोन्ही वह्या पुऱ्या केल्या असत्या. तुला ते बघवलं नसतं."

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "आमचं मिटलंय. काल रात्री क्लबाच्या जेवणाला तो स्वतःहून माझ्याजवळ आला. हात पुढे केला. म्हणाला, तुझंच बरोबर होतं गॉर्डन, मेलेल्या माणसाचं मोजायचं नसतं. मला तोंड वर करवेना. मी म्हटलं, अरे मीच मूर्ख. तर त्याने मला त्याची घडीची खुर्ची देऊन टाकली. ती लाकडी, हाताने केलेली. माझा तिच्यावर किती दिवस डोळा होता, ते त्याला ठाऊक होतं."

खुर्ची त्याच्या गाडीत मागे दिसत होती. मी मान हलवली आणि ट्रूडीकडे गेले.

ट्रूडी ओकरमन शाळेची बस चालवते. दोन घटस्फोट झालेत आणि तिची जीभ कधी टाळ्याला लागत नाही. एव्हरेटची नजर अधू झाल्यापासून लांबच्या प्रवासात त्याचा ट्रक तीच चालवायची. आज त्याचे शिक्के पुरे झाले की तिच्याही सहली संपणार होत्या. कारण म्हणावं तर तिच्याकडे सगळ्यात मोठं. ती रोलच्या डब्याशेजारी बसून रडत होती, आणि रडता रडता रोल खात होती.

"मी नाही घेतला, मॅव्हिस. मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू. काल रात्री मनात आलं की शिक्का हरवला तर किती बरं होईल. पण नुसतं मनात येणं म्हणजे चोरी नाही ना?"

"नाही."

"त्याने किती विश्वास टाकलाय माझ्यावर. ओटिसला माझ्याकडे दिलंय."

ओटिस एव्हरेटचा म्हातारा बीगल कुत्रा. एव्हरेट त्याच्याशिवाय दुकानातसुद्धा जात नाही.

"दोन दिवसांसाठी?"

"कायमचा. आश्रमात कुत्री घेत नाहीत म्हणे. गादी, वाडगा, वर्षभर पुरतील एवढ्या गोळ्या, सगळं पिशवीत भरून आणलं होतं. मला म्हणाला, त्याला रात्री पायाशी झोपू दे, नाहीतर तो रडतो." ट्रूडीने नाक पुसलं. "असल्या माणसाचा शिक्का मी चोरेन?"

माझी खात्री पटली. ट्रूडीला खोटं बोलता येत नाही, तेवढा वेळ ती गप्प बसूच शकत नाही. पण मग राहिलं कोण?

ते गॉर्डनने सांगितलं.

४

डब्यातला तो कागद हातात धरून तो उभा होता. "मॅव्हिस, टेबलावरचा पॅड बघितलास? वाळून खडखडीत झालाय. त्याने उठवलेला शिक्का भुतासारखा दिसेल. आणि हे दोन्ही बघ, अगदी छापल्यासारखे. कोणीतरी स्वतःचा पॅड वापरलाय."

"मग?"

"मी पॅड बाळगत नाही, तुला ठाऊक आहे. ट्रूडी कायम दुसऱ्याचा मागते. आणि सकाळपासून तुझ्या काखेत पॅडांची पेटी आहे."

ट्रूडी रडायची थांबली. बर्नीने माझ्याकडे असं पाहिलं, की मला माझ्या जुन्या गिऱ्हाइकांची पहिल्यांदाच दया आली.

पेटी माझ्या काखेत होती, हे खरं. पण माझी नव्हती. सगळ्या रंगांच्या ताज्या शाईचे पॅड ठेवलेली ती पेटी एव्हरेटची. सकाळी केंद्रातून बाहेर येता येता त्याने ती माझ्या हातात दिली होती. "आता मला कशाला लागणार," म्हणाला होता. मीही खुशाल घेतली. चांगली पेटी, कोण नाही म्हणेल?

बाहेर येता येता. म्हणजे आत जाताना ती त्याच्याकडेच होती.

मी कागद पुन्हा बघितला. पहिला शिक्का उत्तम उठला होता. मग दुसरा कशाला मारून बघायचा? आमच्यातला कोणीही एकदाच बघतो, नीट उठला की वहीकडे वळतो. दोनदा बघणारा एकच माणूस. हॅरिएटला त्याच्या चाचणीवर भरवसा नव्हता. माझ्या वहीसाठी वेगळं मारून बघ, असं ती दर पार्कात त्याला सुनवायची. ती गेल्यावरही तो प्रत्येक ठिकाणी दोनदा मारून बघायचा.

एव्हरेटने स्वतःचाच शिक्का चोरला होता. पण का? ज्यासाठी तीस-पस्तीस वर्षं पायपीट केली, ते हातात आल्यावर खिशात का घालायचं?

आणि मग मला जुने दावे आठवले.

आपलंच घर पेटवून विम्याचे पैसे मागणारी माणसं मी कशावरून ओळखायची, ते सांगते. आग लागायच्या आधीच्या आठवड्यात फोटोंचे अल्बम बहिणीकडे गेलेले असतात. चांगली खुर्ची मित्राकडे गेलेली असते. आणि कुत्रा शेजाऱ्याकडे.

"ट्रूडी, एव्हरेटच्या मुलाचा नंबर दे."

"नीलचा? कशाला?"

"दे म्हटलं ना."

नीलने लगेच फोन उचलला. मी म्हटलं, सोमवारी तुम्ही वडिलांना न्यायला येताय, तेव्हा थोडं उशिरा आलात तर चालेल का.

"कुठे न्यायला?" तो म्हणाला. "मॅडम, तुमचा काहीतरी घोटाळा होतोय. मी कुठलाही आश्रम बघितलेला नाही. बाबा ईस्टरपासून माझा फोनसुद्धा घेत नाहीत. कसे आहेत ते?"

"विमानाचं तिकीट काढा," मी म्हटलं. "जे पहिलं मिळेल ते. नंतर सविस्तर बोलू."

५

बाकावर तो टेकडीकडे तोंड करून बसला होता. वारा सुटला होता, आणि त्याने टोपीसुद्धा घातली नव्हती. मी त्याच्या शेजारी बसले. चालून धाप लागली होती, म्हणून आधी जरा श्वास घेतला.

"कोणी घेतला, कळलं का?" त्याने विचारलं.

"कळलं. तुझ्या कोटाच्या खिशात आहे."

मग खिशात हात घालून त्याने शिक्का बाहेर काढला आणि आमच्या दोघांच्या मध्ये ठेवला.

"कशावरून ओळखलंस?"

मी सांगितलं. तारीख, डबा, शाई, दोन शिक्के. दुसऱ्या शिक्क्याचं ऐकून तो जरासा हसला. "तिच्यासाठी वेगळं मारून बघावंच लागतं. नाहीतर दिवसभर ऐकून घ्यावं लागायचं."

"मी नीलशीही बोलले, एव्हरेट."

त्याचं हसू गेलं.

"हे संपलं की तू काय करणार होतास?" मी विचारलं. असलं आडून आडून विचारायचं नसतं. "जीव देणार होतास का?"

"हो," तो म्हणाला.

इतक्या साध्या आवाजात म्हणाला, की मला त्याचा भयंकर राग आला. एक तर मला ती पेटी दिली, आणि मी मूर्खासारखी खूष झाले होते. आम्हाला सगळ्यांना वस्तू वाटून हा आमच्या टाळ्या घेऊन जाणार होता. राग आला आणि लगेच रडूही आलं. मी ते लपवलं नाही.

"तू रडतेस होय?" तो चकित होऊन म्हणाला.

"मग काय हसू? मूर्ख माणसा."

तो हाताच्या शिरा बघत बोलायला लागला. "वर्षभर ठरवून बसलो होतो. एकच राहिला होता ना. तिला शब्द दिला होता की पुऱ्या करीन, तेवढ्यासाठी उठत होतो रोज. सगळी आवराआवर झाली. आज आत गेलो, तारीख फिरवली, दोन्ही वह्या उघडल्या. आणि हात खालीच येईना, मॅव्हिस. शिक्का वहीवर धरून उभा राहिलो. तेवढ्यात बाहेर बर्नीचा आवाज आला, आणि मी तो खिशात टाकला. चोरासारखा. मला वाटलं, शिक्काच नाही तर संपणारही नाही. आजचा दिवस तरी निघेल."

"म्हणजे मरायचं नव्हतं तुला."

"जगायचंय असंही म्हणवत नाही. तुला माहितीये, अंधार पडला की मी तिच्या बाजूचा दिवा लावतो. मग विझवतो. दिवसभरात घरात एवढंच काय ते घडतं."

मला माहीत होतं. माझ्याकडे तर लावायला दुसऱ्या बाजूचा दिवाही नाही. तेही मी त्याला सांगितलं.

"ट्रकमध्ये काय ठेवलंयस?"

त्याने सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही.

"किल्ली दे."

त्याने मान खाली घातली. किल्ली द्यायला त्याला शिक्का द्यायच्या कितीतरी पट जास्त वेळ लागला. वारा अंगाला झोंबत होता आणि मी हात पुढे धरून बसले होते. शेवटी त्याने ती माझ्या तळहातावर ठेवली, आणि वर आपला हात तसाच राहू दिला.

"नील येतोय," मी म्हटलं. "उद्या सकाळी आपण डॉक्टरकडे जायचं. मी आणि तू. त्यात तुझं मत मी विचारत नाहीये."

"बरं," एव्हरेट म्हणाला.

६

आम्ही आत आलो. मी शिक्का टेबलावर ठेवला. गॉर्डनने विचारलं, "कोणाकडे होता?"

"तपास बंद," मी म्हटलं.

गॉर्डन खवट असेल, पण बिनडोक नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं, एव्हरेटकडे पाहिलं, माझ्या मुठीतल्या ट्रकच्या किल्लीकडे पाहिलं. मग खाली मान घालून सगळ्यांना पुन्हा अर्धगोलात उभं केलं. ट्रूडीला काही कळलं नव्हतं, पण तिने एव्हरेटचा दंड घट्ट धरला होता.

आधी आम्ही आमचे शिक्के मारले. शेवटचा मान त्याचा. एव्हरेटने दोन्ही वह्या काढल्या आणि शेजारी शेजारी उघडल्या. हॅरिएटची वही पुढे ओढली. शिक्का धरला, आणि या वेळी हात खाली आला. सरळ, ठळक, कुठेही न फरफटता.

मग त्याने शिक्का खाली ठेवला आणि स्वतःची वही मिटली.

"तुझी राहिली," ट्रूडी म्हणाली. "एव्हरेट, तुझी राहिली ना."

"राहू दे," तो म्हणाला. "तिचं झालं. माझं अजून एक बाकी असू दे."

मी गॉर्डनकडे बघत होते. मेलेल्या माणसाचं मोजत नाहीत म्हणणारा हा, आता काय बोलतो बघू. त्याने घसा खाकरला.

"हॅरिएट लिंडक्विस्ट," तो म्हणाला. "सगळी पार्कं. पूर्ण."

आणि टाळी पहिली त्यानेच वाजवली.

दुपारी मी एव्हरेटला माझ्या गाडीत घेऊन निघाले. त्याचा ट्रक आम्ही तिथेच कुलूप लावून ठेवला. मग हायवे लागला. दोन्ही बाजूंना कापून झालेल्या मक्याची रानं होती, रस्त्यावर एक गाडी नव्हती. त्याच्या घराकडे वळायचा फाटा जवळ आला, तसा तो माझ्याकडे वळला.

"मला आज घरी एकट्याला जायचं नाहीये, मॅव्हिस," तो म्हणाला.

इतक्या वर्षांत माझ्याकडे कोणी असं काही तोंडाने मागितल्याचं मला आठवत नाही.

"मलाही नाही," मी म्हटलं, आणि फाटा मागे टाकून गाडी सरळ माझ्या घराकडे नेली.